गांधीजींचं पत्र आणि अकरावीची इंग्रजी परीक्षा

२०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या लाखो शाळकरी मुलांसमोर परीक्षेत एका पत्राचा शेवटचा भाग आला. पत्र २ मार्च १९३० चं. लिहिणारे मोहनदास करमचंद गांधी, वाचणारा व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. दांडीयात्रा निघायला दहा दिवस बाकी होते. प्रश्न साधाच होता: आयर्विनपुढे आपली बाजू मांडताना गांधीजींनी लेखनात ज्या निवडी केल्या आहेत, त्यांचं विश्लेषण करा. वेळ साधारण चाळीस मिनिटं.

शनिवारी सकाळी माझ्याकडे निबंध घेऊन येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हाच जुना प्रश्न देते. आपल्या घरांतली मुलं नाव बघूनच खूश होतात. आजी-आजोबांकडून ऐकलेलं असतं, त्यामुळे कीबोर्ड धडाधड चालतो. मीठ, दांडी, अहिंसा, चोवीस दिवसांची पदयात्रा, शेवटी स्वातंत्र्य. चारशे शब्दांचा नेटका इतिहास तयार होतो. सहापैकी एखादा गुण पदरात पडला तर पडला.

मूल रडवेलं होऊन म्हणतं, “मावशी, पण यात चूक काहीच नाहीये!” खरंच नसते. विचारलेलं वेगळंच होतं, एवढंच.

परीक्षेचं पूर्ण नाव एपी इंग्लिश लँग्वेज अँड कम्पोझिशन. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा. मुलं नुसतं ‘एपी लँग’ म्हणतात. घेणारी संस्था कॉलेज बोर्ड. बहुतेक मुलं अकरावीत, म्हणजे ज्युनिअर वर्षात, ती देतात आणि दर वर्षी परीक्षार्थींची संख्या पाच लाखांच्या वर जाते. निकाल १ ते ५ मध्ये लागतो. ३ किंवा त्याहून जास्त आले तर बरीच कॉलेजं पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या कोर्सचं क्रेडिट देतात, पण प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा, तो त्या त्या ठिकाणी बघावा. एकूण वेळ सव्वातीन तास. पहिल्या तासात ४५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४५ टक्के वजन. उरलेल्या सव्वादोन तासांत तीन निबंध (गांधीजींच्या पत्रासारखं विश्लेषण हा त्यातला एक), त्यांना ५५ टक्के. २०२५ पासून सगळी परीक्षा ब्लूबुक नावाच्या अॅपवर होते, निबंधही टाइप करायचे.

इथे कथा-कविता नसतात. भाषणं, पत्रं, वृत्तपत्रातले लेख, आठवणी, निबंध असं कल्पित नसलेलं लेखन असतं. आणि सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एक शब्द असतो: ऱ्हेटॉरिक.

या शब्दाशी आपली पंचाईत होते. ‘वक्तृत्व’ म्हटलं की व्यासपीठ आणि तांब्या-भांडं डोळ्यांपुढे येतं. ‘अलंकार’ म्हटलं की शाळेतला ‘खालील ओळीतील अलंकार ओळखा’ हा दोन गुणांचा प्रश्न आठवतो. ‘शब्दांचे बुडबुडे’ म्हटलं तर ती निंदा झाली. म्हणून मी मुलांना गाडीच्या चावीचं उदाहरण देते.

शुक्रवारी संध्याकाळी मुलाला बाबांकडून गाडी हवी असते. तो आल्या आल्या चावी मागत नाही. आधी सहज सांगतो, “गॅरेज झाडून काढलं.” म्हणजे मी जबाबदार आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. मग म्हणतो, “तीनच मैलांवर आहे, नऊच्या आत परत येतो.” हा हिशेब. आणि बाबा अजून फोनमध्येच बघतायत म्हटल्यावर शेवटचं अस्त्र: “सगळे जाणार आहेत. मी एकटाच घरी.” हा गळा काढणं. हाच मुलगा आईकडे चावी मागेल तेव्हा क्रम बदलेल, कदाचित गॅरेजचा विषयच निघणार नाही. माणूस ओळखून, वेळ बघून, काय बोलायचं, काय गिळायचं आणि कशाच्या आधी काय ठेवायचं हे ठरवणं म्हणजे ऱ्हेटॉरिक. तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने या तीन वाटांना इथॉस, लोगॉस आणि पेथॉस अशी नावं दिली. मुलाला नावं माहीत नव्हती, काम येत होतं.

गंमत अशी की वर्गात ही तीन नावं शिकवली की मुलांचं काम बिघडतं. निबंधात ती नुसती नावंच लिहू लागतात.

म्हणून मजकूर हातात आला की नावं बाजूला ठेवून आधी काही साधे प्रश्न विचारायचे. कोण बोलतंय? कोणाशी? भोवती काय चाललंय? ऐकणाऱ्याने पुढे काय करावं अशी इच्छा आहे? आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न: आजच का? कालपर्यंत गप्प असलेला माणूस आज बोलायला उठला, तर काहीतरी घडलंय किंवा घडणार आहे. या निमित्ताला परीक्षेच्या भाषेत एक्झिजन्स म्हणतात. शब्द विसरला तरी चालेल, ‘आजच का’ हा प्रश्न विसरू नये. यातली बरीच उत्तरं प्रश्नाच्या वरच्या तीन-चार ओळींच्या प्रस्तावनेत दिलेली असतात आणि मुलं ती प्रस्तावना वाचतच नाहीत, थेट मजकुरावर उडी मारतात.

आता पत्राकडे येऊ.

गांधीजी एका ठिकाणी म्हणतात की अहिंसेच्या वाटेने जाणं हा वेडा धोका वाटू शकेल, पण सत्याचे विजय धोका पत्करल्याशिवाय कधी मिळालेले नाहीत. पुढे ब्रिटिशांबाबत ते ‘कन्व्हर्जन’ असा शब्द वापरतात आणि लगेच सांगतात की हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. लेखकानेच आपल्या शब्दावर बोट ठेवलंय, विश्लेषण करणाऱ्याला आणखी काय हवं? इंग्रजीत या शब्दाला मनपरिवर्तनाचा अर्थ आहे, तसा धर्मांतराचाही. आयर्विन स्वतः अत्यंत धार्मिक वृत्तीचा ख्रिश्चन होता. मला यात दोन गोष्टी दिसतात. ज्याला तुमचं मन बदलायचंय, त्याला तुम्हाला चिरडायचं नसतं, म्हणजे हा शत्रू नाही. त्याच वेळी, ज्यांनी जगभर इतरांना ‘सुधारण्याचा’ दावा केला त्यांनाच आता सुधारायची गरज आहे, असं एक राज्यकर्त्याखालचा माणूस राज्यकर्त्याला सुनावतोय. नम्र शब्दात केवढी ठिणगी आहे! हे वाचन एकमेव बरोबर आहे असं नाही. मजकुराचा आधार देऊन पटवता आलं पाहिजे, परीक्षेला तेवढंच हवं असतं.

थोडं पुढे ते लिहितात की जे हत्यार मी माझ्या अगदी जवळच्या कुटुंबीयांविरुद्ध यशस्वीपणे वापरलं, तेच मी असहकारात ब्रिटिशांविरुद्ध वापरलं. साम्राज्याविरुद्धचा असहकार एका वाक्यात घरातल्या रुसव्याच्या पातळीवर येतो. आयर्विन घरचा माणूस होतो. घरच्या माणसावर लाठी कशी उगारायची?

आणि मग शेवटाकडे ते वाक्य. तुम्हाला या पत्रात तथ्य वाटत असेल, आणि जर माझ्याशी चर्चा करावीशी वाटत असेल, आणि जर त्यासाठी हे पत्र मी सध्या छापू नये असं वाटत असेल, तर तुमची तार मिळताच मी आनंदाने थांबेन, असा त्याचा आशय आहे. एका वाक्यात ‘जर’ तीनदा येतो. एकच शब्द असा वाक्याच्या तुकड्यांच्या सुरुवातीला परत परत आला की त्याला ॲनाफोरा म्हणतात.

या ‘जर’वर दोन प्रकारे लिहिता येतं. पहिला प्रकार मी आठवड्याला किमान दोनदा वाचते. मुलं इंग्रजीत लिहितात, मी मराठीत सांगते:

“गांधीजी येथे ॲनाफोरा वापरतात. ‘जर’ या शब्दाच्या पुनरावृत्तीमुळे वाचकावर प्रभाव पडतो व त्यांचा मुद्दा अधिक ठळक होतो.”

आपल्या शाळेतल्या ‘त्यामुळे काव्याचे सौंदर्य वाढते’ या वाक्याचं हे अमेरिकेतलं भावंड. कोणता प्रभाव? कोणत्या वाचकावर? ठळक होऊन पुढे काय झालं? एक कसोटी सांगते: वाक्यातलं ‘गांधीजी’ काढून तिथे दुसऱ्या कोणाचंही नाव घाला. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते या पत्राबद्दल नव्हतंच. खोडा.

दुसरा प्रकार असा:

“तीन वेळा ‘जर’ म्हणून गांधीजी निर्णय आयर्विनच्या हातात देतात: तथ्य वाटणं, चर्चा करणं, छापणं थांबवायला सांगणं. प्रत्येक ‘जर’ म्हणजे व्हाइसरॉयला अब्रू राखून खाली उतरण्यासाठी ठेवलेली एक पायरी आहे. पण पायऱ्या गांधीजींनी बांधल्या आहेत. आयर्विनने तार केली नाही, तर पुढे होणाऱ्या कायदेभंगाची जबाबदारी आपोआप त्याच्याकडे जाते, कारण थांबवणं त्याला शक्य होतं.”

ॲनाफोरा हा शब्द इथे आलाच नाही. आला असता तरी हरकत नव्हती. दुसरा परिच्छेद सांगतो की लेखकाने काय केलं, आणि त्या माणसासमोर, त्या दिवशी, त्याने काय साधलं. एपी लँगमध्ये गुण मिळवून देणारी गोष्ट ही आहे. तिला कॉमेंटरी म्हणतात. पुरावा एक ओळ असेल तर कॉमेंटरी तीन ओळी, असं माझं ढोबळ माप आहे.

यासाठी मुलांना लागतात क्रियापदं. ‘वापरतो’, ‘दाखवतो’, ‘सांगतो’ या तिघांवर निबंध ओढत नेला की तो पांगळा होतो. मी त्यांना मराठीतच विचारते: इथे तो नेमकं काय करतोय रे? चुचकारतोय? टोमणा मारतोय? कबूल करतोय? आडून सुचवतोय? लाज आणतोय? धाक घालतोय पण हात जोडून? मुलांचं मराठी मोडकंतोडकं असलं तरी ‘हात जोडून धाक’ हे लगेच कळतं, आणि मग ती त्याला इंग्रजी शब्द शोधतात. घरातल्या दोन भाषांचा एवढा रोकडा फायदा मी दुसऱ्या कुठल्या परीक्षेत पाहिलेला नाही.

गुणांची मांडणी एकदा नजरेखालून घालावी. ती गुप्त नाही. प्रत्येक निबंध सहा गुणांचा. थीसिस, म्हणजे तुमचं एका-दोन वाक्यांतलं ठाम म्हणणं, त्याला एक. पुरावा आणि कॉमेंटरी यांना मिळून चार. आणि एक गुण ‘सोफिस्टिकेशन’चा, म्हणजे विचाराच्या प्रगल्भतेचा. सहातले चार एकाच रकान्यात आहेत हे पाहिल्यावर मेहनत कुठे करायची हे वेगळं सांगायला नको. तरीही मुलं पहिली बारा मिनिटं भारदस्त प्रस्तावना घोटण्यात घालवतात. ‘अनादी काळापासून मानव भाषेचा वापर करत आला आहे’ छापाची. तिला गुणच नाही. दोन वाक्यं परिस्थितीची, एक थीसिसचं, आणि कामाला लागा.

थीसिसबद्दल थोडं. ‘गांधीजी शब्दयोजना, पुनरावृत्ती आणि पेथॉस वापरून आपला मुद्दा पटवतात’ हे वाक्य लिहून त्या रकान्यातला गुण कदाचित मिळूनही जाईल. पण पुढचे तीन परिच्छेद त्याच खड्ड्यात जातात: एक शब्दयोजनेचा, एक पुनरावृत्तीचा, एक पेथॉसचा, आणि तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. त्यापेक्षा असं बघा: ‘आयर्विनला शत्रू न मानता चुकलेला मित्र मानून आणि त्याच्या माघारीची वाट शेवटपर्यंत उघडी ठेवून, गांधीजी येणाऱ्या संघर्षाची जबाबदारी सरकारच्या पदरात टाकतात.’ या वाक्यातून परिच्छेद आपोआप निघतात, आणि ते पत्राच्याच क्रमाने निघतात.

व्याकरणाची धास्ती घेणाऱ्यांसाठी: चाळीस मिनिटांत लिहिलेला हा कच्चा खर्डा आहे, हे तपासणाऱ्याला माहीत असतं. अर्थच कळेनासा होईल इतक्या चुका असल्या तरच पुराव्याच्या रकान्यातला चौथा गुण अडतो. स्पेलिंग चुकलं म्हणून कोणी लाल शाई ओतत नाही.

सोफिस्टिकेशनचा गुण फार थोड्यांना मिळतो आणि त्याच्या मागे लागून तो मिळत नाही. मोठमोठे शब्द घालून तर नाहीच. मागच्या वर्षी एका मुलाने मला विचारलं, “पण आयर्विनने ऐकलंच नाही ना? मग हे पत्र फसलं म्हणायचं का?” प्रश्न चोख होता. व्हाइसरॉयच्या सचिवाकडून त्रोटक उत्तर आलं होतं: कायदा मोडणारा मार्ग तुम्ही धरताय याचा खेद वाटतो, वगैरे. मी त्याला म्हटलं, पत्र छापायचं थांबवेन असं गांधीजी का लिहितात? म्हणजे ते छापायचंच होतं. तर मग वाचक किती? तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसला आणि म्हणाला, “दोन. एक आयर्विन, आणि एक बाकी सगळे.” पत्र घेऊन जायला रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हा तरुण इंग्रज निवडला होता, आणि आपल्या या इंग्रज मित्राचा उल्लेख गांधीजी पत्रातही करतात. तेही मग नव्याने दिसलं. भांडण इंग्रज माणसांशी नाही, हे दुसऱ्या वाचकालाही दिसायला हवं होतं. या दोन वाचकांमधला ताण ज्याने निबंधभर धरून ठेवला, त्याला तो सहावा गुण मिळण्याची शक्यता.

वाचक कोण यावर सगळं कसं फिरतं, याची आणखी दोन जुनी उदाहरणं. २०११ च्या परीक्षेत फ्लॉरेन्स केलीचं १९०५ मधलं फिलाडेल्फियातलं भाषण होतं. विषय बालकामगार. पण समोर बसलेल्या होत्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रिया. आज रात्री आपण झोपलेलो असताना हजारो लहान मुली कापडगिरण्यांत राबत असतील, असं ती म्हणते. ‘आपण झोपलेलो असताना’ हे शब्द काढले तर उरते फक्त माहिती. ते आहेत म्हणून ऐकणारीची झोप उडते. आणि मत नसलेल्या बाईने कायदा बदलायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला की बालमजुरी आणि मताधिकार हे दोन विषय एकच होऊन जातात. २०१० मध्ये बेंजामिन बॅनेकर या कृष्णवर्णीय विद्वानाचं १७९१ चं पत्र होतं, थॉमस जेफरसनला लिहिलेलं. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत, हे जेफरसनचंच वाक्य बॅनेकर त्याच्यापुढे ठेवतो आणि गुलामगिरीबद्दल जाब विचारतो. ज्याचे दात त्याच्याच घशात. पण भाषा किती अदबीची!

बहुपर्यायी भागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण दोन-तीन गोष्टी जरूर. ४५ प्रश्नांपैकी निम्म्याहून किंचित जास्त वाचनाचे असतात. बाकीच्यांत एखाद्या विद्यार्थ्याचा कच्चा मसुदा देऊन विचारतात की हे वाक्य कुठे हलवावं, इथे कोणता जोडशब्द बसेल, हा पुरावा मुद्द्याला पोचतो का. हा दुसरा भाग सवयीने लवकर सुधारतो, म्हणून वेळ कमी असेल तर आधी त्यावर हात बसवावा. चुकीच्या उत्तराला गुण कापणं २०११ पासून बंद आहे, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पूर्वी पाच पर्याय असत, आता चार.

वाचनाच्या प्रश्नांत मुलं अडकतात ती ‘अर्ध्या खऱ्या’ पर्यायांत. समजा मजकुरात वाक्य आहे: “समितीने अहवाल अगदी वेळेवर दिला, तो कोणी वाचलाही असता तर सोन्याहून पिवळं झालं असतं.” लेखकाचा सूर कोणता? पर्याय: संतापाने पेटलेला, कोरडा उपरोध करणारा, समितीचं कौतुक करणारा, हताश. घाईत वाचणारा ‘अगदी वेळेवर’वर भाळतो आणि कौतुक निवडतो. गंभीर मुलं हताश निवडतात, कारण अहवाल वाचला गेला नाही हे दुःखदच आहे. दुःख वाचकाचं झालं, लेखकाचं नाही. लेखक ओठ न हलवता हसतोय. आणि ‘संतापाने पेटलेला’ यात संताप कदाचित थोडा असेलही, पण ‘पेटलेला’ या शब्दाने तो पर्याय जळाला. पर्यायातला एक शब्द जरी मजकुराला न शोभणारा असला, तरी अख्खा पर्याय गेला. मी मुलांना पर्याय वाचायच्या आधी स्वतःचं उत्तर दोन शब्दांत मनात म्हणायला लावते. मग चार पर्यायांनी भुरळ घालायला जागा उरत नाही.

उरले दोन निबंध. सिंथेसिसमध्ये एका विषयावर सहा छोटे संदर्भ देतात, त्यात एखादा आलेख किंवा तक्ता, एखादं चित्रही असतं, आणि किमान तिघांचा आधार घेऊन स्वतःचं मत मांडायला सांगतात. सव्वादोन तासांत वाचण्यासाठी धरलेली पंधरा मिनिटं मुख्यतः यासाठीच. २०१९ चा विषय पवनऊर्जा होता: मोठा पवनऊर्जा प्रकल्प उभारायचा की नाही हे ठरवताना कोणत्या गोष्टी बघाव्यात? बहुतेकांचा निबंध असा होतो: सोर्स ए म्हणतो, सोर्स बी म्हणतो, सोर्स सी म्हणतो. म्हणजे वधू-वर मेळाव्यात एकेकाने उठून परिचय करून द्यायचा आणि बसायचं. संदर्भांनी आपसांत बोललं पाहिजे. एकाने खर्चाचा आकडा दिला आणि दुसऱ्याने शेजारच्या लोकांना होणाऱ्या आवाजाच्या त्रासाबद्दल लिहिलं, तर तुमचं काम असतं विचारणं की हा त्रास त्या खर्चात धरलाय का? त्या प्रश्नातून तुमचं स्वतःचं मत जन्मतं. संदर्भ वाचायच्या आधीच एका ओळीत आपलं कच्चं मत खरडून ठेवावं, वाचताना ते बदललं तर उत्तमच. नाहीतर सहा जणांच्या गलक्यात आपण काय म्हणणार होतो हेच हरवतं.

आर्ग्युमेंटच्या निबंधात मजकूर जवळजवळ नसतोच, पुरावा सगळा तुमच्या डोक्यातला. त्याच २०१९ साली विचारलं होतं की ज्याचा नको इतका उदोउदो होतो अशी एखादी कल्पना, जागा किंवा भूमिका निवडा आणि बाजू मांडा. प्रश्नातच एक नमुना होता की यशाचा असा उदोउदो होतो असं बरेच लेखक म्हणतात, आणि मी हा प्रश्न दिला की निम्मी मुलं यशच निवडतात. मग ठरलेले दोन शास्त्रज्ञ, एक उद्योगपती आणि एक क्रिकेटपटू किंवा बास्केटबॉलपटू येतात, त्यांच्याबद्दल सगळ्यांना असतात तेवढीच दोन वाक्यं घेऊन. माझ्याकडची एक मुलगी ऑर्केस्ट्रात दुसऱ्या रांगेत व्हायोलिन वाजवते. तिने ‘फर्स्ट चेअर’ निवडली, म्हणजे पहिल्या खुर्चीचा मान. दुसऱ्या रांगेने सूर धरला नाही तर पहिल्या खुर्चीची काय गत होते, हे तिला रोज संध्याकाळी ऐकू येत होतं. स्वतःचा अनुभव इथे पूर्ण चालतो. आणि समोरच्याचं म्हणणं एकदा तरी प्रामाणिकपणे मांडायचं: पहिली खुर्ची नसेल तर एवढा सराव कोण करेल? तिने हे स्वतःच विचारलं आणि उत्तर देताना जरा अडखळली. निबंध त्या अडखळण्याच्या जागीच सगळ्यात चांगला झाला होता.

तयारी कशी करायची हे विचारताना पालकांना पुस्तकाचं नाव हवं असतं. मी सांगते ते ऐकून त्यांचा चेहरा पडतो. रोज एक चांगला मतप्रदर्शनाचा लेख वाचायचा, वीस मिनिटं. प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला एकच क्रियापद लिहायचं: हा परिच्छेद काय करतोय? काय ‘म्हणतोय’ हे लिहायचं नाही. सुरुवातीला मुलं आशयच लिहितात, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून क्रियापदं येऊ लागतात. जुन्या निबंधांचे प्रश्न कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, सोबत खऱ्या विद्यार्थ्यांचे निबंध, त्यांना मिळालेले गुण आणि ते का मिळाले याचं स्पष्टीकरण. हा खजिना आहे आणि तो फार कमी मुलं उघडतात. गुण झाकून तीन निबंध वाचा, स्वतः गुण द्या, मग उघडून बघा. दुसऱ्याच्या निबंधात ‘वाचकावर प्रभाव पडतो’ हे वाक्य परीक्षकाच्या नजरेने एकदा वाचलं, की स्वतः लिहिताना हात थबकतो.

घड्याळ लावून सराव हवाच, पण पहिल्या दिवसापासून नको. आधी वेळेचं बंधन न ठेवता एक चांगला परिच्छेद लिहिता येऊ दे. मग चाळीस मिनिटं. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून मात्र टाइप करूनच लिहावं, वहीत नाही. ज्यांची बोटं अडखळतात त्यांचा विचारही अडखळतो. ब्लूबुकमध्ये मजकुरावर रंग लावायची आणि टिपण ठेवायची सोय आहे, सरावाची चाचणीही तिथेच मिळते. परीक्षेच्या दिवशी ती बटणं पहिल्यांदा शोधत बसू नये.

आणि तीन निबंध छापलेल्या क्रमानेच लिहायची सक्ती नाही. ती व्हायोलिनवाली मुलगी आर्ग्युमेंट आधी उरकते, कारण त्याला वाचायला काही नसतं. मग पत्र किंवा भाषण. सिंथेसिस शेवटी. तिच्या भावाचं बरोबर उलटं: सहा संदर्भ डोक्यात ताजे आहेत तोवर तो सिंथेसिस संपवतो. दोघांनी एप्रिलमधल्या दोन शनिवारी दोन्ही क्रम लावून बघितले होते.